किरकोळ खर्चातली हलगी

सतार, व्हायोलिन, बासरी ही शिकण्याची वाद्यं. शिकणारा दोन वर्षं शिकतो, तेवढ्यात शेजारी तीन घरं बदलतात. कड्यावर ताणलेल्या कातड्याचं तसं नाही. ते तान्ह्या पोराच्या हातात दिलं तरी वाजतं आणि पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कच्या हातात दिलं तरी वाजतं. शिवाय काखोटीला मारून कुठंही नेता येतं. तबल्याला गादी लागते, चुंबळ लागते, हातोडी लागते आणि मूडही लागतो.

हे शहाणपण युरोपातल्या लोकांनी पद्धतशीर वापरलं. म्युनिकमध्ये १९२४ साली डोरोथे गुंथर या बाईंनी एक शाळा काढली आणि कार्ल ओर्फ हे संगीतकार तिथे शिकवू लागले. स्वरलिपी नंतर, आधी बोलणं, टाळ्या, पावलं आणि हातातला लहानसा ढोल. त्यातून मुलांना संगीत शिकवण्याची एक पद्धतच उभी राहिली. आमच्याकडेही बाकावर ताल धरणारी मुलं होतीच. मास्तर तोच ताल छडीनं त्यांच्या हातावर धरीत, एवढाच फरक.

सिनेमाची, नाटकाची, हल्ली तर मिसळीचीही परीक्षणं छापून येतात. ढोलांच्या वाटेला कुणी जात नाही. म्हणून हे परीक्षण मीच करतो. अधिकार म्हणाल तर बी. कॉम. आणि बँकेतली वीस वर्षं.

गेल्या आषाढात आमच्या तुर्भ्याच्या शाखेत 'संघभावना' वाढवण्यासाठी सामूहिक ढोलवादनाचा कार्यक्रम झाला. बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग, बाजार समितीकडून येणारा भिजलेल्या कांद्याचा वास, आणि आत गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर आम्ही चौदा जण. प्रत्येकाच्या गुडघ्यांत एकेक रंगीत ढोल. हा जेंबे. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, माली-गिनीकडचा. उखळासारखा आकार, खाली निमुळता, वर बकऱ्याचं कातडं. गिनीच्या फोदेबा केइता यांच्या नृत्यपथकानं १९५० च्या दशकात तो जगभर फिरवला, आणि फिरत फिरत तो आमच्या मुदत ठेवींच्या काउंटरपर्यंत पोचला.

वाद्याबद्दल माझी तक्रार नाही. मध्यभागी तळहात पडला की घुमतो, काठावर बोटं पडली की खणखणतो. पंधरा मिनिटांत एरवी एकमेकांच्या टेबलाकडे न बघणारी माणसं एका ठेक्यावर आली. आमच्या रोखपालबाई, ज्यांना मी नोटा मोजण्यापलीकडे बोटं हलवताना पाहिलं नव्हतं, त्या मान डोलावू लागल्या. एवढं काम वरिष्ठांच्या परिपत्रकांनी कधी केलं नव्हतं.

आमचे शिपाई मामा गाव सोडून तुर्भ्याला आलेले, साताऱ्याकडचे. ते चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी एका ढोलावर टिचकी मारली आणि मला म्हणाले, "साहेब, ह्ये कातडं न्हाय. पलाष्टिक हाय. म्हणून पावसात बी बोलतंय."

मामांनी परीक्षणातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा एका टिचकीत सांगितला होता. कातडं पावसाळ्यात सैल पडतं, आवाज बसतो. हलगीवाला म्हणून तर आधी गवताचा नाहीतर कागदाचा जाळ करून हलगी शेकतो. अमेरिकेत रेमो बेली यांनी १९५७ साली प्लास्टिकच्या पडद्यांचा कारखाना काढला तो याच दुखण्यावर. तुर्भ्याच्या पावसात आणि शाळेच्या वर्गात प्लास्टिकच बरं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. संगीताच्या तासाला रोज जाळ करायचा म्हटलं तर आधी मुख्याध्यापक पेटतील.

माझा आक्षेप आहे तो शिकवण्यावर. प्रशिक्षक मुलगा गोड होता. तो दर पाच मिनिटांनी सांगे, "सर, इथे कुणाचंच काही चुकत नाही." बँकेत दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री आठपर्यंत बसलेलो आहोत. चूकच नसेल तर बरोबर काय आलं हे कळणार कसं? पहिल्या तासाला हे वाक्य ठीक आहे, भीड मोडते. दुसऱ्या तासालाही तेच, म्हणजे शिकवण्यासारखं संपलं.

हलगीत मात्र चुकतं. डाव्या हातात बारीक लांब काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू, आणि डावी काडी उजवीच्या मधल्या फटींत भरत जाते. ती फट चुकली की लेझमाची अख्खी रांग पाय चुकते. तमाशात ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. दिमडी तर त्याहून लहान. वाघ्या ती नुसत्या बोटांनी बोलवतो. हलकी, स्वस्त, शिकायला सोपी आणि शिकून संपत नाही अशी ही वाद्यं. तरीही शाळेत हलगी येते ती प्रजासत्ताक दिनाला लेझमाच्या बाजूला, आणि वाजवणारा बहुधा बाहेरून बोलावलेला.

ती आत का येत नाही, याचं उत्तर आवाजात नाही. गावानं हलगी ठरावीक जातींच्या गळ्यात अडकवली होती. मेलेलं ढोर त्यांनी ओढायचं, कातडं त्यांनी कमवायचं आणि मिरवणुकीपुढे वाजवायचंही त्यांनीच, मान खाली घालून. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी असली गावकीची कामं सोडायला सांगितलं. पुढे कितीतरी तरुणांनी हलगी खाली ठेवली, आणि बरोबरच केलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढलं, तेव्हा डफ मान वर करून स्टेजवर आला. पण स्टेजवरून तो वर्गात काही आला नाही. आपल्या मुलानं जेंबे वाजवला तर आपण व्हिडिओ काढतो. हलगी वाजवली तर 'हे कुठून शिकलास?' असं विचारतो, आणि त्या 'कुठून'मध्ये सगळं येतं.

पुरावा माझ्याकडे आहे, कारण व्हाउचर माझ्याच टेबलावरून जातात. ढोलवादनाचं पाच आकडी बिल 'कर्मचारी प्रशिक्षण' या खात्यात पडलं, जीएसटीसह. त्याच वर्षी शाखेच्या सत्यनारायणाला बोलावलेल्या दोन हलगीवाल्यांचे पैसे 'किरकोळ खर्च' या खात्यात पडले, पूजेची केळी आणि झाडू यांच्या मधल्या ओळीत. केळ्यांची पावती होती. हलगीवाल्यांची नव्हती, कुणी मागितलीच नव्हती.

मी साहेबांना सुचवलं, की पुढच्या वर्षी मामांच्या पुतण्याला बोलवावं. तो उत्तम हलगी वाजवतो, शिकवतोही, चुकलं तर चुकलं म्हणतो. मात्र त्याला शिक्षक म्हणून बोलवावं, आणि पैसे प्रशिक्षणाच्या खात्यातून द्यावेत. साहेब माणूस चांगला. ते म्हणाले, "कल्पना छान आहे. तीन कोटेशनं मागवा."

मामांना सांगितलं. ते बराच वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "साहेब, पुतण्याचं एक झालं. दुसरं त्याच्या मामाचं घालू. तिसरा आता वाजवत न्हाय, पन कोटेशन द्याला काय जातंय!"