‘जिणं आमुचं’ची न वाचलेली पाने

आमचे पुरुष स्त्रियांचे साहित्य वाचत नाहीत, असे म्हटले की चळवळीतील मित्र संतापतात. कुमुद पावडे, बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार ही नावे त्यांना पाठ असतात. जयंतीच्या भाषणात ती घेतलीही जातात. पण प्रश्न नावांचा नाही. पुस्तक हाती घेतल्यावर त्यातली कोणती पाने वाचली जातात, हा आहे.

हे मी स्वतःवरूनच सांगतो. महाविद्यालयात मी अनेक वर्षे ‘जिणं आमुचं’ शिकवले आणि दर वर्षी प्रश्न एकच काढला : ‘या आत्मकथनातून घडणारे महार समाजाचे दर्शन स्पष्ट करा.’ उत्तरेही ठरलेली येत. गावकीची कामे, उपासमार, देवदेवस्की, मग बाबासाहेबांचे आगमन आणि जागा झालेला समाज. एकदा एका विद्यार्थिनीने भर वर्गात विचारले, “सर, खोड्याचं काय?” सासर सोडून पळणाऱ्या कोवळ्या पोरीच्या पायात जड लाकडाचा खोडा अडकवीत, तो ओढत ती घरकाम करी. घरच्यांच्या चिथावणीने बायकोचे नाक कापणारा नवराही याच पुस्तकात आहे. मी हे शिकवलेच नव्हते. मुद्दाम वगळले असेही नाही. वगळायला ते आधी लक्षात यावे लागते.

ही पाने म्हणजे घरगुती गाऱ्हाणे आहे, असे आमच्या समीक्षकांनी धरून चालू नये. गावात सर्वांचा गुलाम असलेल्या माणसाला हुकूम चालवण्यासाठी घरात आणखी एक गुलाम लागतो आणि तो त्याला सुनेत सापडतो, ही जातिव्यवस्थेची मीमांसा बेबीताईंनी केली आहे. ती गाळली तर त्या पुस्तकाचा निम्मा विचारच हरवतो. उरते ते फक्त दारिद्र्याचे चित्र. असे चित्र पांढरपेशा वाचकालाही चालते!

यावर एक आक्षेप येतो : घरातले चव्हाट्यावर आणले की प्रस्थापितांच्या हाती कोलीत मिळते. ही भीती खोटी नाही. पण १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा आमच्यातीलच काही सुशिक्षितांनी दया पवारांविरुद्ध हाच सूर लावला होता आणि आम्ही तरुणांनी तो धुडकावला होता. पुरुषाने लिहिले तर विद्रोह आणि बाईने लिहिले तर बदनामी, हा न्याय कुठला? ‘बलुतं’मधल्या सईची हकीकत वाचताना मला लेखकाच्याच यातना दिसल्या. संशयापायी टाकलेल्या त्या बाईने हे कसे सांगितले असते, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बेबीताईंनी फलटणला दुकान सांभाळत हे लिहिले आणि वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे ते आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूप झाले. महारवाड्याच्या या इतिहासाला पहिली जागा आमच्या नियतकालिकांनी का दिली नाही? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, ते १९८९ साली. त्या नावातला ‘ही’ कुणाला उद्देशून आहे, हे सांगायला नको.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर पुढल्या चाचणीत मी खोड्यावर प्रश्न घातला. बहुतेक मुलांनी पर्यायी प्रश्न सोडवला. मुलींनी पुरवण्या मागितल्या. नमुना उत्तर लिहायला मी बसलो तेव्हा पाहिले, माझ्या प्रतीत आधीच्या-नंतरच्या सगळ्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. ती पाने तेवढी कोरी होती.