दारुड्यावरचे गाणे

व्यसनावरची दोन गाणी आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहेत. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचे ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) गर्दच्या विरोधात उभे राहते. रचना कसबी, कळकळ खरी. तरी इंग्रजीतल्या प्रवचनासारखे ते जरा दुरूनच कानी येते.

ख्रिस पेरी यांचे संगीत आणि लॉर्ना यांचा आवाज लाभलेला ‘बेबदो’ मात्र थेट घरात शिरतो. त्यातली कोकणी मालवणी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. गंमत अशी, की रोसच्या मांडवात हाती पेला घेऊनच या दारुड्यावर ताल धरला जातो! दोष चालीचा नव्हे. लॉर्ना यांच्या खरखरीत स्वरातली चीड पेरींच्या संगीताचा झोकही झाकू शकत नाही. नाचणाऱ्याला ती ऐकायचीच नसते. घरातल्या बायकांना ती पहिल्याच कडव्यात ऐकू येते.