ध्वनिफितीतील पार्श्वध्वनी आणि मौखिक संहिता : खानदेशी लोकगीतांच्या संगणकीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांनी बनलेल्या खानदेशात मौखिक परंपरेचे मोठे धन आहे. कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, जात्यावरच्या ओव्या, डफाच्या साथीने रंगणारे वही गायन हे त्यातील काही ठळक प्रकार होत. कॅसेट-रेकॉर्डर स्वस्त झाल्यानंतरच्या काळात अशा गीतांच्या संकलनासाठी ध्वनिफीत हे सोयीचे साधन ठरले. प्रबंधांच्या परिशिष्टांत गीतांचे शब्द छापले जातात. गाणारीचा आवाज मात्र कॅसेटमध्येच राहतो. आता हा आवाज संगणकावर घेण्याचे काम तातडीचे झाले आहे. चुंबकीय फिती वाजविणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास दुर्मिळ होतील, असा इशारा युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ध्वनि-अभिलेखागार संघटना (आयासा) यांनी २०१९ मध्येच दिला होता.

या कामात सर्वाधिक उत्साहाने केली जाणारी क्रिया म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट काढून टाकणे. ती निव्वळ तांत्रिक साफसफाई मानली जाते. वास्तविक ती पाठसंपादनाची क्रिया आहे आणि हस्तलिखितांच्या संपादनाला लागू होणारी शिस्त तिलाही लागू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात याच भूमिकेतून या प्रक्रियेची चिकित्सा केली आहे.

गोंगाट कशाला म्हणावे?

ध्वनिफितीत गीताखेरीज ऐकू येणारे आवाज दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार माध्यमाचा. कॅसेटमधील फीत केवळ ३.८१ मि.मी. रुंद असून सेकंदाला ४.७६ सें.मी. इतक्या संथ गतीने सरकते. त्यामुळे चुंबकीय कणांची सरसर तिच्यात अंगभूतच असते. विद्युतपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतील १००, १५० हर्ट्झचे स्वर हेही याच प्रकारात मोडतात. दुसरा प्रकार प्रसंगाचा. जात्याची घरघर, झोक्याच्या दोराची करकर, बांगड्यांचा किणकिणाट, मध्येच रडणारे मूल, दुसऱ्या बाईने दिलेला हुंकार हे आवाज ज्या प्रसंगी गीत गायले गेले त्या प्रसंगाचे घटक होत. पहिला प्रकार यंत्राने गीतात मिसळला आहे. दुसरा गीताबरोबरच जन्मला आहे. संगणकाला हा भेद कळत नाही. तो अभ्यासकाने करावयाचा असतो.

गोंगाट कमी करण्याची योग्य जागा :

माध्यमाचा गोंगाट कमी करण्याची पहिली आणि सर्वांत निर्धोक जागा संगणक नव्हे, तर कॅसेट वाजविणारे यंत्र आहे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, हेडचे चुंबकत्व काढणे, हेडचा कोन मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळवून घेणे या साध्या कृतींनी दबलेले उच्च स्वर पुष्कळदा परत मिळतात. ‘डॉल्बी बी’ ही १९६८ पासून प्रचलित झालेली पद्धती ध्वनिमुद्रणाच्या वेळी मंद उच्च स्वर उचलते आणि वादनाच्या वेळी तितकेच खाली आणते. त्यातून सरसर सुमारे १० डेसिबलने घटते. परंतु ज्या रेकॉर्डरमध्ये ही सोय नव्हती, त्यावरील फीत डॉल्बी चालू ठेवून वाजविल्यास आवाज मंद व बोथट होतो. सरसर कमी झाल्याचे समाधान येथे फसवे ठरते.

जोडणीबाबतही हेच. टेपचा आवाज संगणकाच्या मायक्रोफोनच्या खाचेत न देता लाइन-इनमध्ये द्यावा. टेप आणि संगणक यांच्या भू-जोडणीतून निर्माण होणारी गुणगुण जोडणी सुधारून घालवावी. लॅपटॉप काही वेळ बॅटरीवर चालवून पाहिल्यास गुणगुणीचा उगम चार्जरमध्ये आहे किंवा नाही, हे लगेच समजते. उगमापाशी टाळलेला गोंगाट पुढे गाळावा लागत नाही आणि गीतातील काहीही गमवावे लागत नाही.

गाळणीची मर्यादा :

ऑडेसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत फितीतील गीतविरहित तुकडा ‘नमुना’ म्हणून निवडला जातो. त्या नमुन्यात कोणत्या वारंवारितेला किती जोर आहे हे मोजून, संपूर्ण ध्वनिमुद्रणात त्या मर्यादेखालचा आवाज दाबला जातो. गोंगाट सतत एकसारखा असतो, हे या पद्धतीचे गृहीतक होय. फितीची सरसर आणि विजेची गुणगुण यांना ते बहुतांशी लागू पडते. फिरत्या जात्याला लागू पडत नाही. परिणामी जाते पूर्ण नाहीसेही होत नाही आणि पूर्ण उरतही नाही. त्याचे तुटक, पाण्याखालून आल्यासारखे अवशेष गाण्याभोवती तरंगत राहतात.

क्षेत्रीय ध्वनिमुद्रणात आणखी एक अडचण संभवते. अनेक हातातल्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. गाणारी थांबली की यंत्र पातळी वाढवी आणि भोवतालचा आवाज मोठा होई. अशा विरामातून घेतलेला नमुना गाण्याच्या वेळच्या पार्श्वध्वनीपेक्षा जोरकस असतो. त्याच्या आधारे केलेली गाळणी गरजेपेक्षा अधिक कापते.

अहिराणी संहितेवर होणारा परिणाम :

अधिक कापले गेल्याने काय बिघडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘आहे’ या अर्थी अहिराणीत ‘शे’ आणि ‘से’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतात. ‘श’ आणि ‘स’ यांतील फरक मुख्यतः उच्च वारंवारितेच्या पट्ट्यात असतो. ‘स’चा जोर अधिक वरच्या पट्ट्यात पडतो. फितीची सरसर याच पट्ट्यात कानाला अधिक जाणवते, म्हणून गाळणीची धार तेथेच पडते. ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीवरून ‘शे’ की ‘से’ हे ठरविणे त्यामुळे धोक्याचे होते. बोलींच्या अभ्यासात ज्या भेदावर निष्कर्ष उभा राहतो, तोच भेद पुसला जातो. प्रमाण मराठीला सरावलेला कान आधीच ‘डोया’चा ‘डोळा’ करू पाहतो. यंत्राची गाळणी त्याच्या जोडीला आली तर बोलीची बाजू मांडायला पुरावाच उरत नाही.

जात्याचा प्रश्न याहून मूलभूत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. जात्याची गती ओवीच्या चालीला कसा आधार देते, चरण कोठे लांबतो, दम कोठे घेतला जातो, हे जाते ऐकू आल्याशिवाय उलगडत नाही. तेथे जाते हा गोंगाट नसून ताल आहे.

खानदेशापुरते पाहिल्यास बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण बोलके आहे. घरकाम आणि शेतीकाम करताना त्यांना सुचलेली गाणी सोपानदेव चौधरी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने मराठी वाचकांसमोर आली. हे ऋण मोठेच आहे. तथापि लेखणीला शब्द टिपता येतात; हातातील कामाचा आवाज, श्वास आणि सूर टिपता येत नाहीत. लेखणीने अपरिहार्यपणे जे गाळले, ते ध्वनिफितीने प्रथमच राखले. संगणकाने ते स्वेच्छेने पुन्हा गाळावे, हा उलटा प्रवास होय.

आक्षेप आणि त्याचा विचार :

सरसरीने भरलेली फीत विद्यार्थी ऐकणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. अध्यापनासाठी, आकाशवाणीवरील प्रसारणासाठी सौम्य गाळणी केलेली प्रत अवश्य करावी. आक्षेपार्ह आहे ते अशी प्रत झाल्यावर मूळ प्रत टाकून देणे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची जुनी पोथी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील जुनी भाषारूपे हाच अभ्यासाचा आधार मानला. त्यांच्या नावाने १९२७ पासून धुळ्यात उभे असलेले संशोधन मंडळ जुनी कागदपत्रे जपत आले आहे. कागद छापला गेला म्हणून मूळ दप्तर कोणी रद्दीत घालत नाही. ध्वनिफितीला निराळा न्याय लावण्याचे कारण नाही.

यंत्र-अध्ययनावर आधारलेल्या नव्या प्रणालींबाबत तर अधिक सावधगिरी हवी. मानवी बोलणे तेवढे वेगळे काढण्यासाठी त्या घडविलेल्या असतात. जाते, डफ आणि झोका यांना ‘बोलणे नव्हे’ म्हणून वगळणे हेच अशा प्रणालीचे यश मानले जाते.

निष्कर्ष :

१. माध्यमाचा गोंगाट आणि प्रसंगाचा ध्वनी यांत भेद करणे, ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.

२. गोंगाट शक्यतो वादनयंत्र व जोडणी यांच्या पातळीवर कमी करावा.

३. कोणतीही गाळणी न केलेली मूळ प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या आयासाच्या शिफारशीनुसार जतन करावी. गाळणी केवळ तिच्या नकलेवर करावी.

४. पाठभेद नोंदवावेत त्याप्रमाणे वापरलेले यंत्र, डॉल्बीची स्थिती, गाळणीचे प्रमाण आणि नमुन्याची जागा यांची लेखी नोंद प्रतीसोबत ठेवावी.

५. लिप्यंतर मूळ प्रतीवरून करावे आणि मूळ कॅसेट नष्ट करू नये.

कॅसेटवर गाणाऱ्या अनेक स्त्रिया आज हयात नाहीत. त्यांच्या उच्चारांविषयी शंका आल्यास पुन्हा विचारायला जाण्याचा मार्ग बंद झाला आहे. सरसरीसह राखलेली प्रत उद्याचा अभ्यासक अधिक चांगल्या साधनांनी स्वच्छ करू शकेल. एकदा गाळलेला ‘स’ मात्र त्याला कोणत्याही साधनाने परत आणता येणार नाही.