मिशनच्या बागेतली झाडं कुणाची?

धारवाडच्या जुन्या मिशन-आवाराविषयी लिहिताना आपण एक वाक्य टाकून मोकळे होतो: 'ही झाडं पाद्रीसाहेबांनी लावली.' मीही लिहिलंय. पण पुरावा काय? बासेल मिशन धारवाडात आलं १८३७ साली, हुबळीत १८३९ साली. त्याआधी इथं आंबा, चिंच, वड नव्हते की काय? खोडाचा घेर मोजून वय सांगणंही फसवं. माती-पाणी चांगलं मिळालं की झाड लवकर जाड होतं.

नावावर विसंबावं तर सावणूरच्या मठातले तीन प्रचंड वृक्ष बघा. लोक म्हणतात 'दोड्ड हुणसे', म्हणजे मोठी चिंच. आपण म्हणतो गोरखचिंच. झाड मात्र आफ्रिकेचं, अन् चिंच नव्हेच!

उलट किट्टेलसाहेबांचा १८९४चा कन्नड-इंग्रजी कोश उघडा. त्यातली झाडांची कन्नड नावं काही बासेलहून आली नव्हती; ती इथल्या बोलीतली, इथल्या ग्रंथांतली. साहेबांनाही झाडं ओळखायला इथलीच माणसं लागली. त्यांचा उल्लेख आपल्या लेखांत कुठाय?

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. नोंद नसलेलं झाड रस्तारुंदीत मुकाट्यानं जातं. तेव्हा मंडळी, जुने नकाशे, मिशनचे अहवाल, म्हाताऱ्यांच्या आठवणी आधी ताडून पाहू. 'साहेबांनी लावलं' हे मग लिहू.