आंदण आणि तह : कातारीना द ब्रागांसा हिच्या चरित्राचे मराठी वाचन

मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्रजांना आंदण दिले, हे विधान मराठी वाचकाच्या स्मरणात पक्के रुजलेले आहे. या विधानातील वधू मात्र नावापुरती उरते आणि ते नावही इंग्रजीच्या वाटेने ‘कॅथरीन’ असे येते. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथापासून मराठीत नगरवर्णनाची समृद्ध परंपरा निर्माण झाली. परंतु ज्या विवाहामुळे हे नगर इंग्रजांकडे गेले, त्यातील स्त्रीच्या चरित्राकडे मराठी समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले. या उपेक्षेचे एक कारण ‘आंदण’ या शब्दातच दडलेले आहे.

मराठीत हुंडा वरपक्षाला मिळतो, स्त्रीधनावर स्त्रीचा अधिकार असतो. आंदण म्हणजे लेकीच्या पाठवणीत माहेरने प्रेमाने दिलेल्या वस्तू. ‘दोते’ या पोर्तुगीज संज्ञेसाठी हा शब्द योजला की देणारा पिता आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो. वास्तवात कातारीनाचे वडील, राजा चौथा जुवांव, १६५६ मध्येच निवर्तले होते. २३ जून १६६१ चा विवाहतह झाला तेव्हा राज्यकारभार तिची आई लुईझा द गुझमान हिच्या हाती होता. स्पेनविरुद्धच्या युद्धात इंग्लंडचे साहाय्य मिळावे, यासाठी तांजियर, मुंबई, व्यापारी सवलती आणि वीस लक्ष क्रुझादु देण्याचे मान्य झाले. मुंबईविषयीच्या अकराव्या कलमानुसार बेट इंग्लंडच्या राजाला व त्याच्या वारसांना मिळाले; वधूला नव्हे. ते आंदण नव्हते आणि स्त्रीधन तर नव्हतेच. तो युद्धकालीन विनिमय होता.

हस्तांतराची कथाही पाठवणीच्या चित्राशी जुळत नाही. गोव्याचे विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रु यांनी बेट देण्यास दीर्घकाळ टाळाटाळ केली. ताबा घेण्यास आलेले अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर प्रतीक्षा करीत १६६४ मध्ये मरण पावले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक यांनी ताबा घेतला, तो बेटाच्या मालकीणबाई दोना इग्नेझ द मिरांडा यांच्या वाड्यात. एका स्त्रीच्या विवाहासाठी दिलेले बेट दुसऱ्या स्त्रीच्या घरात हस्तांतरित झाले. २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बेटावरील कोळी-भंडाऱ्यांच्या संमतीचा प्रश्न यांपैकी कोणत्याही टप्प्यावर उपस्थित झाला नाही.

तौलनिक दृष्टीने पाहता प्रत्येक भाषेने या राजकन्येचा एकेक अंश उचललेला दिसतो. जॉन ईव्हलिनच्या रोजनिशीत तिचा परका पेहराव आणि रूप यांना महत्त्व आहे. एडमंड वॉलरच्या कवितेत ती चहाची पुरस्कर्ती आहे. राजकीय कथनात ती निपुत्रिक राणी आहे. १६७८ च्या कथित कॅथलिक कटात तिच्यावर राजाला विष देण्याच्या कारस्थानाचा आरोप झाला, तेव्हा दुसऱ्या चार्ल्सने तिची पाठराखण केली आणि वारस नसतानाही घटस्फोट नाकारला. पोर्तुगीज इतिहासात तिचा उत्तरार्ध अधिक ठळक आहे. वैधव्यानंतर १६९२ मध्ये तिने इंग्लंड सोडले आणि १७०४-०५ या काळात भाऊ दुसरा पेद्रू याच्या वतीने राज्यकारभार पाहिला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती निवर्तली. जिला वस्तूंसोबत पाठवले गेले, ती पुढे स्वतः राज्यकर्ती झाली. ‘आंदण’केंद्री कथनात हा उत्तरार्ध मावत नाही, कारण त्या कथनात पाठवणीनंतर वधूचे प्रयोजन संपते.

म्हणून हा शब्द केवळ अनुवादाची सोय ठरत नाही. तो तहाला घरगुती विधीचे रूप देतो आणि राजकीय निर्णयाची जबाबदारी झाकतो. तथापि मराठीनेच या शब्दाचा प्रतिवादही घडवला आहे. एखादी गोष्ट कुणाला आंदण दिलेली नाही, असे मराठी माणूस जेव्हा ठणकावतो, तेव्हा देणाऱ्याच्या अधिकारावरच तो आक्षेप घेत असतो. तोच आक्षेप १६६१ च्या तहाला लावून पाहिला, तर मुंबईच्या पूर्वेतिहासात गृहीत धरल्या गेलेल्या दोन पक्षांची दखल एकत्र घेता येते : बेटावरील रहिवासी आणि ती राजकन्या. दोन्ही पक्षांची स्थिती समान नव्हती. एकीला पुढे सत्ता लाभली, रहिवाशांचे केवळ धनी बदलले. परंतु मराठी वाक्यात दोघांनाही कर्मपदच मिळाले आहे.