पहिला डॉलर कोणाच्या खिशातून?

आपल्याकडे पगाराच्या स्लिपवर ‘एचआरए’ म्हणजे घरभाडे भत्ता. अमेरिकेत तीच अक्षरं वेगळ्या गोष्टीसाठी वापरतात: कर्मचाऱ्याचा उपचाराचा खर्च कंपनी भरून देते, ती योजना. पैसा कंपनीचा, नोकरी सोडली की बहुतेक वेळा तिथेच राहतो. ‘एचएसए’ मात्र तुमच्या नावाचं आरोग्य बचत खातं. टाकताना कर नाही, वाढीवर नाही, उपचारासाठी काढतानाही नाही. पण त्यासाठी मोठ्या डिडक्टिबलचा विमा हवा, म्हणजे सुरुवातीचा खर्च तुम्ही सोसायचा. २०२५ साठी एकट्या माणसाला ही रक्कम किमान १,६५० डॉलर होती.

दोन्ही एकत्र चालतात का? चालतात, पण अटींवर. २००४ मध्ये अमेरिकी कर खात्याने त्या स्पष्ट केल्या. सगळा खर्च देणारा नेहमीचा एचआरए असेल, तर एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. तो एचआरए दात-डोळ्यांपुरता हवा, नाहीतर ती किमान रक्कम तुम्ही सोसल्यावरच सुरू होणारा हवा. जोडीदाराच्या कंपनीचा एचआरए तुमचाही खर्च देत असेल, तरी तुमचा हक्क जातो.

आता माझा आक्षेप. या अटीमागचं गृहीतक असं: पहिला डॉलर स्वतःच्या खिशातून गेला की माणूस भाव बघून उपचार घेईल. बघतो का? ब्रॉट-गोल्डबर्ग, चंद्रा, हँडल आणि कोल्स्टॅड यांचा २०१७ चा शोधनिबंध याच प्रश्नावर आहे. एका मोठ्या कंपनीने सगळ्यांना मोफत उपचारांच्या योजनेतून मोठ्या डिडक्टिबलवर आणलं. खर्च १२ ते १४ टक्क्यांनी घटला. पण लोक स्वस्त डॉक्टर शोधू लागले म्हणून नव्हे. त्यांनी उपचारच कमी घेतले, फालतू तसे उपयोगाचेही. आणि हे चांगल्या पगाराचे लोक, शिवाय कंपनीने त्यांच्या एचएसएत पैसेही टाकले होते!

मग कमी पगारवाल्याचं काय? त्याचं एचएसए बहुधा रिकामं, करसवलतही तुटपुंजी, कारण ती कराच्या टप्प्यानुसार मिळते. आणि कंपनीचा एचआरए नेमका त्या पहिल्या किमान रकमेसाठी बंद. छत्री आहे, पण ती भिजल्यावर उघडते.

नियमाच्या बाजूनेही बोलायला हवं. अट नसती तर पगारवाल्यांना दोन्हीकडून करसवलत मिळाली असती आणि त्याची किंमत इतर करदात्यांनी मोजली असती. हे मान्य. पण सवलतीवर मर्यादा घालायची, तर ती रकमेवर घाला. आजारी माणसाच्या पहिल्या बिलावर कशाला?

कंपन्यांना आजही एक सरळ मार्ग खुला आहे: तोच पैसा वर्षाच्या सुरुवातीला थेट एचएसएत टाकायचा. तो पहिल्या बिलालाही चालतो आणि नोकरी गेली तरी माणसाकडेच राहतो. कंपन्यांना एचआरए का आवडतो, तेही यातच आलं: न वापरलेला पैसा त्यांच्याकडेच उरतो.

तुम्ही तिकडे नोकरी करत असाल, तर विमा निवडताना एचआरए किती डॉलरचा हे विचाराच. पण त्याआधी विचारा, तो कितव्या डॉलरपासून सुरू होतो?