जालन्यातील एक दूरदर्शन-संध्या

ग्रंथाचे परीक्षण लिहावयाचे झाले म्हणजे ग्रंथ समोर उघडा ठेवता येतो. नाटकाचे लिहावयाचे तर निदान संहिता हाताशी असते. दूरदर्शनवरील एका संध्याकाळचे परीक्षण करू पाहणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. ती मावळली ती मावळली. तरीही १९८६ सालच्या सुमारास जालन्यासारख्या गावी, घरच्या बैठकीच्या खोलीत बसून आम्ही जे पाहिले त्याचा हिशेब साहित्याच्या दृष्टीने मांडावा असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. नाटकांवर आमच्याकडे विपुल लिहिले गेले, चित्रपटांवरही गेले. परंतु ज्या कार्यक्रमांनी मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांची दिवेलागण बदलून टाकली, त्यांस केवळ करमणूक समजून आमच्या टीकाकारांनी बहुधा पाठच दाखविली.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि पुढील वर्षी, १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी, दूरदर्शनला रंग आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांनी त्या रंगाची जाहिरात देशभर केली. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशात स्थिर झाला, १९८४ पासून गावोगावी लहान शक्तीचे प्रक्षेपक उभे राहू लागले, आणि दिल्लीचे चित्र आमच्या माळवदांवरील ॲल्युमिनियमच्या काड्यांत येऊन अडकू लागले. इतिहास याला रंगीत युग म्हणतो. आमच्या आळीपुरते बोलावयाचे तर हे युग काळेपांढरेच होते. रंगीत संच घेणे थोड्यांनाच परवडे. बाकीच्यांनी पडद्यावर एक रंगीत काच बसवून घेतली होती : वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. तिच्यामुळे प्रत्येक निवेदिकेचे केस निळे होत आणि पदर हिरवा. सलमा सुलतान यांच्या केसांतील प्रसिद्ध गुलाब आम्ही अनेक महिने जांभळट पाहिला. संच कोणत्याही घरी असो, प्रेक्षक मात्र आळीचे असत. चपला ओट्यावर, मुले सतरंजीवर, वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर, आणि एक हुकमी पोरगा वर गच्चीवर, 'आता आलं का?' असे ओरडून विचारणारा.

संध्याकाळचा आरंभ शेतीच्या कार्यक्रमाने होई. त्यावर आम्ही फारसे लिहिणार नाही, कारण तो पाहिला कोणी? पण एक विपर्यास नोंदविल्यावाचून राहवत नाही. जालना म्हणजे कापूस, ज्वारी आणि मोसंबी यांचा मुलूख. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये याच गावी बियाण्यांचा उद्योग सुरू केला व त्याचे नाव देशभर नेले. अशा ठिकाणी पडद्यावर उत्तरेकडील गव्हाच्या ओलिताची चर्चा चाले, तीही हिंदीत. त्याच वेळी मुंबई केंद्र 'आमची माती आमची माणसं' हा उत्तम मराठी कार्यक्रम दाखवीत होते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून तो दिसे. ज्यांची ती माती, त्यांना मात्र दिसत नसे.

हीच कथा इतर कार्यक्रमांची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याने 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांसारख्या कार्यक्रमांतून मराठी रसिकतेची एक नवी बैठक घालून दिली. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांना दिलीप प्रभावळकर यांनी पडद्यावर देह दिला. आम्ही हे सारे मासिकांतून वाचले. जालन्याच्या वाचकाला चिमणराव पुस्तकातून ठाऊक होते, आणि त्यांचा दूरदर्शनवरचा चेहरा पुण्याहून सुटीत आलेल्या आतेभावाच्या वर्णनावरून कल्पावा लागे. उपग्रहाने आम्हांस दिल्लीच्या शेजारी नेऊन बसविले आणि मुंबईपासून होते तितकेच दूर ठेवले. ही तक्रार आजही आम्ही मागे घेत नाही. एका भाषेच्या प्रांताचे दोन तुकडे पाडून एकास त्याची भाषा द्यावयाची आणि दुसऱ्यास राजधानीची, हे करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसेल. अजाण बेपर्वाई मात्र निश्चित होती.

'चित्रहार' बुधवारी येई. त्याविषयी आमचे मत तेव्हाही प्रतिकूल होते. चित्रपटातील गीत कथेच्या देठावरून खुडून आणले म्हणजे त्याचा अर्धा गंध जातो. पण हे मत आम्ही त्या अर्ध्या तासात उच्चारण्याचे धाडस कधी केले नाही. नंतर बातम्या, त्या ऐकल्या जात, पाहिल्या जात नसत, कारण आकाशवाणीची सवय जुनी होती.

यानंतर मालिका. येथे मात्र थांबून लिहावयास हवे. 'हम लोग' ही १९८४-८५ मधील पहिली मोठी मालिका आणि १९८६ पासूनची 'बुनियाद' या दोहोंचे लेखक एकच, मनोहर श्याम जोशी. हिंदीत कादंबरीकार व संपादक म्हणून त्यांचे नाव मोठे. 'हम लोग' मधील कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंब लोकांस आपलेसे वाटले. तथापि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन त्या भागाचे तात्पर्य सांगत, ते आम्हांस खटके. कीर्तनात निरूपण आधी असते आणि आख्यान मागाहून. येथे आख्यान संपल्यावर निरूपण सुरू होई, आणि तोपर्यंत प्रेक्षक पाणी प्यावयास उठलेला असे.

'बुनियाद' मध्ये हा दोष नव्हता. लाहोरातील मास्टर हवेलीराम आणि लाजोजी यांच्या कुटुंबाची ही कथा फाळणी ओलांडून दिल्लीत येते. दिग्दर्शन रमेश सिप्पी व ज्योती सरूप यांचे. मालिकेच्या पुष्कळशा भागांत घडत असे ते इतकेच की माणसे अंगणात बसून बोलत. ते बोलणेच तिचे बळ होते. भाषा पंजाबी वळणाची, उर्दूने भिजलेली. आम्हां तरुणांस ती निम्मी कळे. आमचा असा समज होता की घरातील वृद्धांस ती मुळीच कळत नसावी.

तो समज खोटा ठरला. आमचे आजोबा निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेले. मराठी ते मोडीत लिहीत आणि अर्ज उर्दूत. १९४८ नंतर ती उर्दू त्यांनी जुन्या शेरवानीसारखी पेटीत घडी करून ठेवली होती. 'बुनियाद' मधील एखाद्या शब्दावर आम्ही अडलो की ते खुर्चीतूनच अर्थ सांगत, आणि आम्ही चकित होऊन मागे वळून पाहत असू. फाळणीचे भाग सुरू झाले तेव्हा त्यांनी अर्थ सांगणे सोडले. पडद्यावर लोक बोचकी बांधीत होते. एकदा ते एवढेच म्हणाले, "हे लाहोर नाही रे, हे आपलंच आहे." मग रझाकारांच्या दिवसांत आमचे कुटुंब रात्री बैलगाडीने बुलढाण्याच्या बाजूस कसे गेले, आजीने देव कोणत्या डब्यात ठेवले, हे आम्ही प्रथमच ऐकले. आजी मध्येच म्हणाली, "डबा नव्हता हो, पितळी कळशी होती." त्या रात्री पुढचा कार्यक्रम कोणता होता ते कोणास आठवत नाही.

येथे आमच्या तक्रारीस अडचण येते. मराठी न देणाऱ्या ज्या दिल्लीस आम्ही वर दोष दिला, तिच्याच एका परभाषी मालिकेने आमच्या घरातील चाळीस वर्षांचे मौन मोडले. मुंबईच्या विनोदी मराठी कार्यक्रमाने ते मोडले असते काय? आम्हांस वाटते, नसते; मराठवाड्याचा तो काळ मुंबई-पुण्याच्या मराठीला फारसा ठाऊकच नव्हता, लाहोरच्या उर्दूला मात्र ठाऊक होता. दोष तरीही उरतोच. आमच्या आजोबांची ही कथा मराठीत, मराठवाड्याच्या अंगणात घडणारी मालिका म्हणून कोणी लिहिली असती, तर तिला लाहोरचा वळसा घालून आमच्यापर्यंत यावे लागले नसते.

अलीकडे आम्ही 'बुनियाद' चे काही भाग पुन्हा पाहिले, तेही भ्रमणध्वनीवर. रंग प्रथमच दिसले. आणि स्पष्टच सांगावयाचे तर त्यांनी थोडी निराशा केली : घराच्या भिंती नेपथ्याच्या आहेत हे रंगांनी उघड केले, निळ्या काचेमागच्या करड्या छटांत त्या खऱ्या चुन्याच्या वाटल्या होत्या. संवाद मात्र तसेच टिकले आहेत. आजोबा आज नाहीत. असते तरी त्यांनी भिंतींकडे पाहिले असते असे वाटत नाही.